सुख आणि सायबरपंक मतमंडळाची पहिली बैठक

हे आधीच सांगून ठेवतो, की मी रागीट माणूस नाही. रागीट माणसाच्या घरी सुखाच्या मानसशास्त्रावरची कपाटभर पुस्तकं असतील का? माझ्या घरी आहेत. सकाळी आरशासमोर उभं राहून हसा, झोपण्याआधी दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी आठवा, गार पाण्याने आंघोळ करा, हे सगळं मी करून बसलोय. गार पाण्याने मला न्यूमोनिया व्हायची वेळ आली, तरी मी चिडलो नाही. फक्त त्या लेखकाला एक पत्र लिहिलं. आणि एवढं असूनही आमच्या ग्रेसियात कुणालाही विचारा, ऑल्मनराव माणूस कसा? लोक म्हणतील, "वा, फार छान माणूस!" आणि मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतील, "जरा तापट आहेत, एवढंच." हे पाठीमागचं बोलणं मला अजिबात खपत नाही. तोंडावर बोला ना! मी ऐकून घेईन. नाही घेतलं ऐकून, तर मागाहून माफी मागेन.

पण तोंडावर बोलणं हेच तर आमच्या कोस्टारिकात कुणाला जमत नाही. जगात कुठे कुठे याद्या निघतात, त्यात आमचा देश म्हणे सुखी देशांमध्ये वरच्या बाजूला असतो. असणारच! घरी येऊन कुणी "तुम्ही सुखी आहात का हो?" असं विचारलं, तर त्याला तोंडावर 'नाही' कोण म्हणणार? 'नाही' हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा आहे. लग्नाला येणार का? "कसं नाही! देवाची इच्छा असली तर." म्हणजे येणार नाहीत. नळ दुरुस्त करायला कधी येता? "हे काय, निघालोच." म्हणजे बादली लावून ठेवा. आमची सभ्यता इतकी, की आम्ही कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतो. "चला, उठा, सोफ्यावर बसू नका," असं मी माझ्या कुत्र्याला रोज म्हणतो. तेही ऐकत नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

या सगळ्या भिडस्तांचा मुकुटमणी म्हणजे आमचे शेजारी एवेलियोराव.

एवेलियोराव टपाल खात्यातून निवृत्त झाले, मी नगरपालिकेच्या पाणी खात्यातून. त्यांच्या आणि माझ्या अंगणामध्ये कंबरेएवढी भिंत आहे. दुपारी तीनला कापडी गाळणीतून कॉफी उतरली की ते त्यांचा कप घेऊन भिंतीच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला. त्यांची बायको गेल्यापासून तर एक दिवस चुकला नाही. मी त्यांना सुखाची पुस्तकं द्यायचो आणि ते मला सायबरपंक सिनेमे द्यायचे. हसू नका. पासष्ट उलटलेला हा माणूस, देवळात पहिल्या रांगेत बसणारा, आणि याला वेड कसलं, तर रात्रंदिवस पावसात भिजणारी शहरं, जांभळे-गुलाबी दिवे, यंत्राचे हातपाय बसवून घेतलेली माणसं आणि सगळ्यांवर राज्य करणाऱ्या अवाढव्य कंपन्या! नुसते सिनेमे नाहीत, गेमसुद्धा. मुलीने जुनं यंत्र दिलं होतं, ते टीव्हीला जोडून हे तासन्‌तास त्या ओल्या गल्ल्यांमधून फिरायचे.

माझं मत मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "एवेलियोराव, या सिनेमात एकही माणूस धड जेवत नाही. उभ्याने शेवया खातात. आणि एवढे दिवे दिवसाढवळ्या चालू, वीज कुणाच्या बापाची? पाऊस म्हणाल तर तो आपल्याकडे मे ते नोव्हेंबर फुकट पडतो, तो बघायला टीव्ही कशाला लागतो? आणि तो नायक एका दुपारात हात बदलून घेतो! मी गुडघ्यासाठी सरकारी रुग्णालयात नाव घातलंय, ते बघू."

"तुमचंही बरोबर आहे," एवेलियोराव म्हणाले.

"आणि माझं पुस्तक कसं वाटलं?"

"छान! फार छान."

बस. इतकी वर्षं हेच. मी त्यांना कृतज्ञतेवरचं पुस्तक दिलं, छान. एकाग्रतेवरचं दिलं, छान. एकदा मी मुद्दाम सिनियाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, शिलाई यंत्राची माहितीपुस्तिका कव्हर घालून दिली. "छान आहे," म्हणाले, "मधला भाग जरा गुंतागुंतीचा वाटला, पण छान." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मैत्री म्हणजे काय? माझ्या कपाटातल्या एका पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, की जिथे खरं मत सांगता येतं तिथेच माणूस सुखी होतो. मला माझ्या जिवलग मित्राच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'हे मला पटत नाही' असं ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय मी मरणार नव्हतो आणि त्यालाही मरू देणार नव्हतो. म्हणून मी मंडळ काढायचं ठरवलं. सुख आणि सायबरपंक मतमंडळ. नियम एकच, 'छान' हा शब्द बंद.

एवेलियोरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "वा, कल्पना फार छान." मग कपात बघत राहिले. "ऑल्मनराव, एक सांगायचं होतं..."

"सांगा की!"

"काही नाही. कॉफी आज मस्त झालीये."

असं त्या महिन्यात त्यांनी बऱ्याचदा केलं. एक सांगायचं होतं, आणि मग कॉफी. ताकाला जाऊन भांडं लपवायची या माणसाची सवयच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मंडळात बोलायला शिकतील, म्हटलं.

आता आमच्याकडे कुठलीही गोष्ट काढा, सल्ले आधी येतात. समोरच्या फ्लोरीबाई, ज्यांना गावातल्या प्रत्येक बाळंतपणाची आणि मयतीची वर्दी डॉक्टरच्या आधी लागते, त्या म्हणाल्या, "मतं कसली देताय हो? बिंगो ठेवा. बक्षिसाला कोंबडी ठेवा. लोक येतील." सिनिया म्हणाली, "अहो, इथे कुणाला मत असलं तर ते घरी ठेवतात. तुम्ही दुसऱ्याच्या घरातली मतं कशाला बाहेर काढताय?" मी दोघींनाही विरोधी मत व्यक्त केल्याबद्दल धन्यवाद दिले आणि विकास मंडळाचे अध्यक्ष नाउतिलियोराव यांच्याकडे गेलो, कारण वस्तीचं सभागृह त्यांच्या ताब्यात आहे.

नाउतिलियोराव हे 'नाही' न म्हणता नकार देण्यात देशात पहिले यावेत. "कसं नाही, कसं नाही!" ते म्हणाले. "सभागृह तुमचंच आहे. फक्त ते कशासाठी द्यायचं हे ठरलेलं आहे. बिंगो, झुंबा, पोरांच्या देवळातल्या पहिल्या कम्युनियनची पार्टी आणि मयत. तुमचं यात कुठे बसतं?"

"कुठेच नाही. हे मतमंडळ आहे."

"मग समितीपुढे ठेवू. समिती ईस्टरचा पवित्र सप्ताह झाल्यावर बसते."

"पवित्र सप्ताह आत्ताच होऊन गेला!"

"पुढच्या वर्षीचा हो," ते प्रेमाने म्हणाले. "पण तुम्ही घरी का नाही घेत? खुर्च्या मी देतो की."

"द्या."

"खुर्च्यांनाही समिती लागते. मात्र मयतीला लागत नाही, मयतीला आम्ही लगेच पाठवतो. मी असं करतो, तुमच्याकडे मयत आहे असं धरून पाठवतो. कोण विचारणार?"

"अहो, पण माझ्याकडे कुणी मेलेलं नाही!"

"देवाची कृपा," नाउतिलियोराव म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला दारापर्यंत सोडून आले.

मी काय करणार? चांगुलपणाशी भांडता येत नाही, तो हाताला लागतच नाही. मी घरी आलो आणि जाहिरातीच्या मागे लागलो. आमच्या गावात भोंग्याची एक गाडी आहे. कुणी वारलं की ती गल्लीगल्लीतून फिरून कळवते. आधी ती ठरावीक रडकी धून, मग नाव, मग घर, मग वेळ. मी त्या गाडीवाल्याला गाठलं आणि बजावलं, "हे बघा, ही आनंदाची बातमी आहे. धून नको. आवाज उत्साही ठेवा."

"कसं नाही!" तो म्हणाला.

बैठकीच्या दिवशी सकाळी गाडी आली. आधी धून. मग तो तळघरातून आल्यासारखा आवाज, "सर्वांना कळवण्यात येते, की आज दुपारी चार वाजता, पूर्वीच्या बर्फाच्या कारखान्यापासून शंभर मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक, ऑल्मनराव यांच्या राहत्या घरी..." पुढचं कुत्र्यांच्या भुंकण्यात गेलं. बर्फाचा कारखाना माझ्या लग्नाच्या आधी पाडला. पण आमच्याकडे रस्त्यांना नावं नसतात, पत्ते असेच असतात. जे आता नाही तिथून मोजायचं आणि पोचायचं. बाहेरचा माणूस भिरभिरतो, आम्ही बरोबर जातो. मी रस्त्यात धावत जाऊन ओरडलो, "धून काढा म्हटलं होतं ना!" गाडीवाल्याने काच खाली केली. "टेपमध्ये तीच पहिली आहे हो, ऑल्मनराव. ती संपल्याशिवाय माझा आवाज येत नाही." आणि गेला पुढे, त्याच धुनीत. फ्लोरीबाई फाटकात उभ्या राहून बघत होत्या. मी हात केला. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. मला वाटलं, माझ्या ओरडण्यामुळे.

दुपारी सभागृहाच्या पांढऱ्या खुर्च्या आल्या. सिनियाने देवळातलं मोठं पातेलं आणून कॉफीचं पाणी ठेवलं. एवेलियोरावांच्या दारात एक ट्रक उभा होता आणि दोन माणसं त्यांचा सोफा बाहेर काढत होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नको असलेलं सामान काढून टाका, मन हलकं होतं, हे पुस्तक मीच त्यांना दिलं होतं. म्हटलं, चला, निदान एक तरी पुस्तक अंगी लागलं. खुर्च्या मांडण्याच्या गडबडीत त्या दिवशी तीनची कॉफी भिंतीवर घ्यायची राहिली. चारला भेटणारच होतो.

आणि चार वाजता लोक आले. अहो, आले म्हणजे किती आले! माझा विश्वास बसेना. मी बिस्किटांचे चार पुडे आणले होते आणि इथे फाटकातून रांग लागलेली. सगळे अंघोळ करून, गडद कपडे घालून, हातात काही ना काही घेऊन. कुणी केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाल, कुणी घरचा पाव, फ्लोरीबाईंनी तर मक्याच्या खाऱ्या बिस्किटांची, बिस्कोचोंची, टोपलीच आणली. मानसशास्त्राबद्दल या गावात एवढी भूक आहे हे मला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. नाउतिलियोरावसुद्धा आले आणि मला छातीशी धरून म्हणाले, "ऑल्मनराव, मी तुम्हाला खुर्च्या दिल्या तेव्हा मला कल्पना नव्हती हो."

"मलाही नव्हती," मी म्हणालो. "एवढे लोक येतील असं वाटलं नव्हतं."

"का नाही येणार? सगळ्यांचा जीव होता."

मला भरून आलं. मनात म्हटलं, आपण उगीच या लोकांना भिडस्त म्हणतो. फ्लोरीबाईंनी माझा हात धरला. "फार त्रास नाही ना झाला?"

"झाला तर!" मी म्हणालो. "या नाउतिलियोने पुढच्या वर्षीपर्यंत लटकवलं असतं!" त्या जरा बिचकल्या.  सगळे खुर्च्यांवर बसून जमिनीकडे बघत होते. सुखावर बोलायला आलेली एवढी दुःखी माणसं मी प्रथमच पाहिली.

मी उभा राहिलो. घसा साफ केला. "मित्रहो," मी म्हणालो, "आज आपण इथे खरं बोलायला जमलो आहोत. 'छान' म्हणायला बंदी आहे. माझ्या आवडीचा विषय सुख. आमच्या एवेलियोरावांचा विषय तुम्हाला माहीतच आहे. ते अजून आले नाहीत—"

पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला.

"—पण येतील. तोवर त्यांच्याबद्दल, म्हणजे त्यांच्या त्या आवडीबद्दल, कुणाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा."

आणि लोक बोलायला लागले! एकाने सांगितलं, की माझी आई आजारी असताना एवेलियोराव रोज टपालासोबत सूप घेऊन यायचे. दुसरा म्हणाला, त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. "देवमाणूस," नाउतिलियोराव म्हणाले. मी टेबलावर हात आपटला. "हे मत नाही! हे 'छान'च आहे, फक्त लांबवलेलं! त्या यंत्राच्या हातांबद्दल बोला, त्या कंपन्यांबद्दल बोला!" तेवढ्यात फ्लोरीबाईंनी पिशवीतून जपमाळ काढली आणि सगळ्यांनी एका सुरात प्रार्थना सुरू केली.

माझ्या घरात! माझ्या मंडळात! मला विचारल्याशिवाय! मी देवाला मानतो, पण कार्यक्रमपत्रिका म्हणून काही असते की नाही? जपमाळेचे पहिले दहा मणी मी दात आवळून उभा राहिलो, पुढच्या दहांना माझा संयम संपला आणि या देशात कुणी कधी करत नाही ते मी केलं. मी सरळ विचारलं.

"थांबा! कोण मेलंय?"

 सगळे फ्लोरीबाईंकडे बघायला लागले. त्यांनी जपमाळ मुठीत धरली आणि हळूच म्हणाल्या, "अहो ऑल्मनराव... एवेलियोराव. सकाळी भोंगा नाही का फिरला. आणि त्यांचं सामानही निघालं, मी बघितलं. त्यांच्या मागे इथे कुणी नाही, म्हणून तुम्ही तुमच्या घरी मयत ठेवलीत. किती मोठं मन!"

 मी त्या पांढऱ्या खुर्चीवर बसलो. मला फक्त एवढंच आठवत होतं, की आज तीनला मी भिंतीशी गेलो नव्हतो. आयुष्यात इतकं वाईट मला क्वचित वाटलं असेल. आणि मला खूप वाईट वाटलं की काय होतं हे सिनियाला माहीत आहे. मला राग येतो.

"गेला?" मी ओरडलो. "गेला आणि मला सांगितलं नाही? महिनाभर 'एक सांगायचं होतं, एक सांगायचं होतं' करत कॉफीची तारीफ करत राहिला! देवमाणूस कसला? हा घुम्या! लबाड! इतकी वर्षं माझी पुस्तकं वाचून एकाला वाईट म्हटलं नाही! शिलाई यंत्राच्या पुस्तिकेला छान म्हणाला! अरे, माझ्याशी नाही भांडायचं तर कुणाशी भांडायचं? आता तीन वाजता मी काय त्या भिंतीशी बोलू? असं न सांगता जातं का कुणी?"

"सांगणारच होतो हो, ऑल्मनराव," मागून आवाज आला.

व्हरांड्यातल्या शेवटच्या रांगेत, प्रवासाचे कपडे घातलेले, मांडीवर ते गेमचं यंत्र आणि हातात कॉफीचा कप घेतलेले एवेलियोराव बसले होते. मघाचपासून बसले होते! आमच्यासोबत प्रार्थनाही म्हणत होते! त्यांच्या एका बाजूच्या माणसाने त्यांना पाव दिला होता. दुसऱ्याने नंतर मला सांगितलं, "बघितलं मी. पण म्हटलं भाऊ असेल, चेहरा बराच मिळता होता. विचारणं बरं दिसलं नसतं."

फ्लोरीबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी फक्त जपमाळ उलटी फिरवायला सुरुवात केली.

"तुम्ही इथे बसून कुणासाठी प्रार्थना करत होतात?" मी विचारलं. 

"मला माहीत नव्हतं," एवेलियोराव म्हणाले. "मी तुमचा निरोप घ्यायला आलो. दारात पाऊल टाकलं तर मयत. मला वाटलं तुम्हीच गेलात. मिळाली ती खुर्ची धरून बसलो. मग आतून तुमचं ओरडणं ऐकू आलं आणि जिवात जीव आला. मग सिनियाबाईंनी कॉफी दिली, म्हणजे त्याही ठीक होत्या. पण कोण गेलं हे विचारणार कसं?"

"निरोप कसला?"

ते कपात बघायला लागले. मी जाऊन त्यांच्या हातातला कप काढून घेतला. आज कॉफीची तारीफ चालणार नव्हती.

"निकोयाला चाललोय," ते म्हणाले. "मुलीकडे. कायमचा."

घ्या! ज्याच्यासाठी आख्खं गाव रडलं तो निघाला होता निकोयाला. सुखाच्या पुस्तकांतून ज्या गावाचं कौतुक मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, जिथे म्हातारे म्हणे शंभरी गाठून घोड्यावर बसतात, त्या गावाला. खोकी पंधरा दिवसांपासून त्यांच्या व्हरांड्यात होती. सगळ्यांना दिसली होती, मला सोडून.

"आणि हे मला सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही 'जाऊ नका' म्हणाला असता."

"म्हणालोच असतो!"

"आणि मी 'बरं' म्हणालो असतो," एवेलियोराव म्हणाले. "तुम्हाला 'नाही' म्हणणं मला कधी जमलेलं नाही, ऑल्मनराव. मी राहिलो असतो. तीनची कॉफी झाली, की पुढचा सगळा दिवस त्या घरात एकटा. म्हणून ट्रक भरून झाल्यावरच सांगायचं ठरवलं. ट्रक भरला की माघार घेता येत नाही."

माझ्याजवळ उत्तर होतं. चांगली तीन-चार उत्तरं होती. पण सिनिया मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, बैठक घ्या तुमची. लोक बसलेत. त्यांना बोलू द्या."

म्हणून मी बैठक घेतली. खाणं आलेलं होतं, खुर्च्या होत्या, घरी कुणी जात नव्हतं. मी म्हणालो, "एवेलियोराव, नियम तुम्हाला माहीत आहे. सांगा, त्या पावसाळी शहरात तुम्हाला काय मिळतं?"

ते यंत्रावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिथे सगळेच एकटे असतात. म्हणून तिथे मला वेगळं वाटत नाही. तुमच्या पुस्तकांमधले लोक सारखे कुटुंबासोबत टेकडीवर फिरायला जातात."

या माणसाच्या तोंडून निघालेलं हे पहिलं मत. मला ते अजिबात पटलं नाही आणि तसं मी लगेच सांगितलंही. पण माझा आवाज बारीक निघाला. "आणि माझी पुस्तकं?" मी विचारलं. "खरं सांगा. आत्ता सांगा."

एवेलियोरावांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या गावाने श्वास रोखला. त्यांचे ओठ हलले, कपाळावर घाम आला.

"छान आहेत," ते म्हणाले.

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. यंत्र माझ्या मांडीवर ठेवून ते गेले. मी फाटकापर्यंतही गेलो नाही. मी रागावलो होतो. खिडकीतूनही तो ट्रक पूर्वीच्या बर्फाच्या कारखान्याशी वळेपर्यंत नीट दिसतो, म्हणून मी तिथूनच बघितलं.

यावर प्रकरण संपेल असं वाटलं असेल, तर तुम्हाला फ्लोरीबाई माहीत नाहीत. त्यांचं म्हणणं, मयतीची प्रार्थना एकदा सुरू झाली की नऊ दिवस पुरी करावी लागते, अर्धवट सोडणं अपशकुन. "अहो, माणूस जिवंत आहे!" मी म्हणालो. "मग तर जास्तच जपायला हवं," त्या म्हणाल्या. नऊ दिवस रोज दुपारी माझ्या घरी माणसं येऊन एका धडधाकट माणसासाठी जपमाळ ओढून माझी कॉफी पिऊन जायची. खुर्च्या परत मागायला नाउतिलियोराव यायचे आणि बसून घ्यायचे. दहाव्या दिवशी कुणी आलं नाही. तीन वाजता घर इतकं शांत झालं, की मी ते यंत्र टीव्हीला जोडलं. मला ते आवडलं असं कुणी म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. मी फक्त दोष शोधायला खेळतो. आतापर्यंत मी दोन्ही हात बदलून घेतलेत आणि तिथल्या पाणीपुरवठ्याची व्यवस्था अत्यंत भिकार आहे.

एवेलियोरावांना मी फोन केला नाही. ज्याने आधी सांगितलं नाही त्याने आधी फोन करावा. बरेच आठवडे असे गेले. सिनिया म्हणाली, "तुम्ही करा ना." मी म्हणालो, "कसं नाही." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी उठून अंगणात गेलो.

मग एक दिवस पोस्टमन आला. नवा पोरगा, महिनाभरापूर्वी लागलेला. कुणालाही न विचारता थेट माझ्या फाटकाशी येऊन त्याने एक पुडकं दिलं. वर टपाल खात्यात मुरलेल्या माणसाचं सुबक अक्षर. 'ग्रेसिया. पूर्वीच्या बर्फाच्या कारखान्यापासून' एवढं लिहून त्यावर काट मारली होती. खाली लिहिलं होतं, 'जिथे मी वारलो ते घर. हिरवं फाटक. जरा तापट गृहस्थ.'

"तुला हे घर सापडलं कसं?" मी त्या पोराला विचारलं.

"आता सगळे असाच पत्ता सांगतात," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाच्या घरापासून पन्नास मीटर म्हणजे बेकरी, शंभर मीटर म्हणजे फ्लोरीबाईंची बहीण." आणि शिट्टी वाजवत गेला.

पुडक्यात माझंच पुस्तक होतं, आनंदी म्हातारपणावरचं, माझं सगळ्यात लाडकं. पहिल्या पानात चिठ्ठी. 'ऑल्मनराव, समोर असताना जमलं नाही, इतक्या लांबून जमतंय. हे पुस्तक मला मुळीच आवडलं नाही. बाकीचीही आवडली नव्हती. या लेखकाला आयुष्यात एकही शेजारी मिळालेला नसावा. शिलाई यंत्राची पुस्तिका मात्र खरंच बरी होती.'

माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. मी ती चिठ्ठी सिनियाला वाचून दाखवली. तिला ऐकू आली असं वाटलं नाही म्हणून पुन्हा वाचून दाखवली. मग फ्लोरीबाईंना हाक मारून त्यांनाही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "तुमचे डोळे का ओले झालेत?" मी म्हणालो, "रागाने." घड्याळात बघितलं, तीन वाजत आले होते. कॉफीचा कप घेतला, भिंतीशी गेलो आणि निकोयाला फोन लावला.

"तापट?" पलीकडून फोन उचलल्या उचलल्या मी ओरडलो. "कोण तापट?"

"तुम्ही," एवेलियोराव म्हणाले, आणि मतमंडळाची दुसरी बैठक सुरू झाली.